गाडी-सवाल : पिकअपवर पॉप-अप कॅम्पर बसवायचाय? चला आधी काट्यावर

या वेळच्या पत्रांत आणि मेसेजमधे एकच विषय फिरून फिरून आलाय, पिकअपच्या हौद्यात बसवायचा पॉप-अप कॅम्पर. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हौद्यावर बसणारी ही हलकी खोली, गाडी चालताना छत खाली दाबून बसवलेलं त्यामुळं गाडी फार उंच दिसत नाही, मुक्कामाला थांबलं की छत वर उचलायचं, कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि आत माणूस ताठ उभा राहतो. अमेरिकेत हे जुनं आहे, कॅलिफोर्नियाची फोर व्हील कॅम्पर्स कंपनी १९७२ पासून हेच बनवायलीय. आपल्याकडं ही दुकानात जाऊन घ्यायची वस्तू नाही, बनवून घ्यावी लागते, म्हणून वेल्डिंगवाला म्हणंल ते खरं असं चाललंय. पहिल्या पत्राला लांब उत्तर दिलंय कारण बाकीच्यांचे अर्धे प्रश्न त्यातच मिटतात.

प्र. दादा नमस्कार. आमची मोसंबीची बाग आहे, हंगाम झाला की चार दिवस लेकरांना घेऊन फिरावं वाटतं. सेकंडहँड डबल कॅब पिकअप घेतलीय, फोर बाय फोर. घरात मी, मंडळी आन दोन लेकरं. यूट्यूबवर अमेरिकेतले कॅम्पर बघून बघून डोकं फिरलंय. जालन्यात एका वर्कशॉपवाल्याला विचारलं तर म्हणला चौकोनी पाइपाचा सांगाडा करून वरून पत्रा आन आतून प्लाय मारून देतो, हत्ती बसला तरी काही होणार नाही. वजनाचं विचारलं तर म्हणला मागं स्प्रिंगचा एक पाटा वाढवून घ्या, संपला विषय. आरसीवर ग्रॉस वजनातून (भरलेल्या गाडीची हद्द) अनलेडन वजन (रिकाम्या गाडीचं) वजा केलं तर ६२० किलो येतंय. कोणता कॅम्पर बसवू?
– एक शेतकरी वाचक, अंबड तालुका

उ. भाऊ, कोणता कॅम्पर हा दुसरा प्रश्न झाला. पहिला तुमच्याच पत्रात शेवटी दडलाय, ते ६२० किलो. लोकांना वाटतं एवढं वजन कॅम्परला मिळालं. तसं नसतं. आरसीवरच्या अनलेडन वजनात ड्रायव्हर सुद्धा धरलेला नसतो, म्हणजे तुम्ही, मंडळी, लेकरं, पाण्याचे कॅन, शिधा, अंथरूण-पांघरूण, जॅक-पाना, सगळं त्या ६२० मधेच बसवायचंय.

मांडा हिशोब. चौघांचे मिळून १९० धरू, लेकरं वाढणार आहेत हे ध्यानात ठेवून. उरले ४३०. काठोकाठ भरायची गाडी नाही, आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत आणि रात्रीचे न दिसणारे स्पीडब्रेकर पण, म्हणून ६० किलो हातचे ठेवा. राहिले ३७०. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, तिथं घासाघीस चालत नाही. ५ किलोवाला छोटा सिलिंडर शेगडीसकट १५. शंभर अँपिअरची लिथियम बॅटरी १२ च्या आसपास (तीच लेड-अॅसिडची घेतली तर २८-३०). बारा व्होल्टचा छोटा फ्रिज १५. कपडे, गोधड्या, भांडी, शिधा ५०. हत्यारं, दोर, जॅक २०. ही बेरीज १५२ झाली. म्हणजे रिकाम्या कॅम्परला उरले २१८ किलो. हाच तुमचा आकडा, हा एका कागदावर लिहून खिशात ठेवा आणि जो कोणी कॅम्पर दाखवंल त्याला आधी एवढंच विचारा की रिकामा किती भरतो.

आता वर्कशॉपवाल्याचा सांगाडा ह्याच कागदावर तपासू. ४० बाय ४० चा २ एमएम जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण २.३ किलो भरतो. बाजू, छत, तळ, मधल्या पट्ट्या धरून ६० मीटर पाइप सहज जातो, म्हणजे १४० किलोच्या घरात. १२ एमएम प्लायची आठ बाय चारची एक शीट २० किलोच्या पुढं, सहा लावल्या की १२० च्या वर. इथंच २६० झाले आणि अजून बाहेरचा पत्रा लागायचाय, एक एमएमचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जवळपास ८ किलो. दार राहिलं, खिडक्या राहिल्या, गाद्या राहिल्या. मजबूत होईल ह्यात शंका नाही, पण तुम्हाला हत्ती बसवायचा नाहीये, दोन लेकरं झोपवायचीत.

आणि तो पाटा. हे आपल्या भागातलं सगळ्यात लाडकं उत्तर आहे, कुठलंही वजन असू द्या, एक पाटा वाढवा. पाटा वाढवल्यानं गाडीची मागची बाजू दबलेली दिसत नाही एवढंच होतं, आरसीवरचं ग्रॉस वजन एका किलोनं वाढत नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच, बेअरिंग तीच, चेसिस तीच, टायर तेच. टायरवर साइजच्या शेजारी एक आकडा असतो तो लोड इंडेक्स, १०० असेल तर त्या टायरची कुवत ८०० किलो, ११२ असेल तर ११२०. मागचे दोन टायर मिळून जेवढं पेलतात त्याच्या वर मागच्या एक्सलवर जायचंच नाही, आणि कंपनीनं एक्सलची हद्द त्याहून कमी दिली असंल तर ती कमीवाली खरी. आधीच गाडी हद्दीच्या आत असंल आणि मागून थोडी जास्त झुलत असंल तर पाटा किंवा चांगले शॉकअप टाकायला काहीच हरकत नाही, पण वजनाचं उत्तर म्हणून पाटा नाही.

अमेरिकेच्या व्हिडिओंबद्दल. तिथं पण दोन जाती आहेत हे लोक बघत नाहीत. एक पूर्ण कॅम्पर, आत ओटा, सिंक, कपाटं, पाण्याची टाकी सगळं असलेला, अॅल्युमिनियमचा सांगाडा असूनसुद्धा तो रिकामा साडेचारशे-पाचशे किलोच्या आसपास जातो. तो त्यांच्या मोठ्या पिकअपवर बसतो, आणि तिथले लोकही त्यात फसतात कारण कंपनी सांगते ते कोरडं वजन, त्यात पाणी, बॅटरी, सामान नसतं, शिवाय तिथं ज्याला हाफ-टन पिकअप म्हणतात ते नुसतं जुनं नाव उरलंय, खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. दुसरी जात म्हणजे नुसतं कवच. आत काही नाही, छत पुढं बिजागरीवर आणि मागून उघडतं, तिरकं, वर झोपायची फळी आणि खाली मोकळा हौदा. माँटानातली गो फास्ट कॅम्पर्स असलं कवच बनवते आणि ते सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात बसतं. तुमच्या २१८ मधे बसणारी जात ही दुसरी. इथं मागवायच्या भानगडीत पडू नका, भाडं, कस्टम आणि त्यांच्या हौद्याची मापं वेगळी, पण रचना बघून इथं बनवता येते.

बनवताना लोखंड सोडून अॅल्युमिनियमवर या. त्याच मापाला वजन लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. ताकद कमी म्हणून जाडी वाढवावी लागते, तरी सांगाडा निम्म्यावर येतो. फक्त एक करू नका, स्लायडिंग खिडक्यांना वापरतात ते पातळ सेक्शन स्क्रूनं जोडून कॅम्पर बनवू नका, दिसायला सुंदर होतो आणि खडबडीत रस्त्यावर महिनाभर फिरला की प्रत्येक स्क्रूच्या भोकाशी तडा जातो. जाड चौकोनी अॅल्युमिनियम पाइप घ्या, कोपऱ्याला गसेट (तिकोनी पट्टी) लावा, आणि जोड अर्गॉन वेल्डिंगनं नाहीतर चांगल्या रिव्हेटनं. अर्गॉनवाले तुम्हाला संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याकडं मिळतील, जालन्यात लोखंडाचा बाजार मोठा म्हणून तिथं सगळे लोखंडच सुचवणार, त्यात त्यांचा दोष नाही. आणि रिव्हेटवर विश्वास नसंल तर एसटीचा जुना लाल डबा आठवा, त्याची बॉडी अॅल्युमिनियमची होती आणि रिव्हेटवर उभी असायची, चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात अशा बॉड्या बांधल्या गेल्यात. त्या कामाची माहिती असलेला जुना कारागीर सापडला तर त्याला चहा पाजा आणि ड्रॉइंग दाखवा, माझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त सांगंल. बाजूला प्लायऐवजी ३-४ एमएमची एसीपी शीट (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमधे प्लास्टिक) आणि आतून थर्माकोल किंवा फोमचा थर, झोपायच्या फळीला तेवढा प्लाय ठेवा.

डबल कॅबचा हौदा पाच फुटाच्या आसपासच असतो, त्यात मोठा माणूस पाय पसरून झोपत नाही. म्हणून झोपायची जागा कॅबच्या छतावर पुढं काढायची. त्याचा फायदाही आहे, वजन पुढं सरकतं. नियम सोपा, जड ते खाली आणि मागच्या एक्सलच्या पुढं. पाण्याचे कॅन, बॅटरी, सिलिंडर कॅबच्या पाठीला चिकटून. ह्याच वस्तू मागच्या फाळक्याशी ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग मोकळं मोकळं लागतं आणि घाटात उतरताना घाम फुटतो.

सगळं झाल्यावर मोंढ्यातल्या काट्यावर जा, ऊस-कापसाच्या गाड्या जिथं तोलतात तिथं. गाडी पूर्ण भरून, डिझेल फुल, चौघं आत बसलेले. एकदा अख्खी गाडी, मग नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून. दोन पावत्या घ्या. खरं म्हणजे एक फेरी आजच मारा, रिकाम्या गाडीची, कारण सेकंडहँड गाडीला आधीच्या मालकानं गार्ड, कॅरिअर, जाड बंपर, काय काय लावलेलं असतं, ते सगळं तुमच्या ६२० मधून आधीच गेलेलं असू शकतं.

प्र. सर, मी निवृत्त शिक्षक. मुलगा पूर्वी दुधाचा धंदा करायचा, त्याचा छोटा हत्ती दारात उभाच आहे. आम्ही दोघंच. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ असं निवांत फिरायचं, आणि आषाढीला दिंडीच्या मागं गाडी न्यायची, पत्नीचे गुडघे दुखतात, तंबूत जमिनीवर झोपवत नाही. एवढ्याशा गाडीवर कॅम्पर बसंल का, का हसतील लोक?
– गुरुजी, औसा

उ. गुरुजी, हसणाऱ्यांना सांगा की वजनाच्या हिशोबात तुमचा छोटा हत्ती अंबडच्या भाऊंच्या पिकअपला भारी आहे. टाटानं २००५ मधे एस (हाच छोटा हत्ती) आणली ती पाऊण टन माल वाहायलाच, हौदा सात फूट, त्यात तुमची दोघांची बाज सरळ बसते आणि कॅबच्या वर काही काढायची गरजच नाही. किंमत तिप्पट-चौपट आणि माल वाहायची ताकद कमी, हे त्या रुबाबदार पिकअपांचं दुखणं आहे, असो.

तुमच्याकडं वजनाची नाही, उंचीची आणि वाऱ्याची अडचण आहे. चाकं बारा इंची, गाडी अंगानं दीड मीटर, त्यावर उंच डबा बसवला की उन्हाळ्यातल्या वावटळीत किंवा शेजारून ट्रॅव्हल्स गेली की गाडी हेलकावे खाते. म्हणून पॉप-अपच घ्या, छत खाली असताना कॅबच्या टपापेक्षा फूटभरापेक्षा वर जाऊ देऊ नका. फाळके काढायचे नाहीत, फाळक्याच्या आतूनच हलका सांगाडा उभा करायचा, त्याच्यावर सपाट छत आणि चारही बाजूंनी कॅनव्हास. बाजेची उंची मात्र काकूंच्या गुडघ्याला विचारून ठरवा, आणि मागं चढायला दोन रुंद पायऱ्या धरायच्या दांड्यासकट, हा खर्च आधी करा, सोलर-बिलर नंतर. हौदा जमिनीपासून उंच असतो, सगळी हौस त्या चढ-उतारात संपते हे बनवणाऱ्याच्या लक्षात येत नाही कारण तो तरुण असतो.

घाटात घाई नाही, मांजरसुंबा असो का तुळजापूरचा घाट, दोन सिलिंडरच्या इंजिनाला खालच्या गिअरमधे दमानं चढू द्या, आणि उतरताना पण त्याच गिअरमधे. दिंडीत गाडी पुढच्या मुक्कामाला आधी जाऊन थांबते, त्यामुळं काकू पुढं केबिनमधे बसतील, मागं बाजेवर झोपवून गाडी चालवायची नाही. "दहाच किलोमीटर तर आहे" असं म्हणणारे दिंडीत भरपूर भेटतील, त्यांना पण मागं बसवायचं नाही.

प्र. ओ दादा, एक साधं सांगा, आरटीओ धरंल का? कुणी म्हणतंय कॅम्पर बसवला की गाडी जप्त, कुणी म्हणतंय काही होत नाही.
– बीडहून एक

उ. दोन्ही सांगणारे अर्धंच सांगायलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं पण हेच पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं असा बदल केला तर दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे हौदा कापून, चेसिसला वेल्डिंग करून, कायमची खोली बांधली तर तुम्ही गाडीचा प्रकारच बदलला. तसं करायचंच असंल तर रीतसर रस्ता आहे, मोटार कॅरावॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं स्टँडर्ड आहे, मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करायची, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही नॉन-ट्रान्सपोर्ट गाड्यांच्या यादीत आहेच. पण एका गाडीसाठी हा उपद्व्याप खर्चाचा आहे.

म्हणून मी कवच सुटं ठेवायला सांगतो. हौद्यात बसवलेलं, आतल्या हुकांना टर्नबकलनं (फिरवून ताण द्यायचा स्क्रू) आवळलेलं, चौघांनी अर्ध्या तासात उतरवून पत्र्याच्या शेडमधे ठेवता येईल असं. चेसिसला भोक नाही, हौद्याला वेल्डिंग नाही, वायरिंग गाडीचा मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) न कापता. तरी बाहेर निघणारा भाग बघा, बाजूला, मागं किंवा मर्यादेबाहेर उंच गेलेल्या लोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे आणि तो भाग उतरवायचा खर्च तुमचा. बनवून झाला की फोटो, वजनाची पावती घेऊन तुमच्या आरटीओ कार्यालयात आधीच दाखवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, दुसरं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं, कारण अपघातानंतर क्लेमच्या वेळी "हे काय लावलंय" असं विचारायला सगळ्यांना वेळ असतो.

लायसनचं पण काही जणांनी विचारलंय. साडेसात टनाच्या आतली गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर चालते, पिवळ्या पाटीची असली तरी, हे नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय. आणि ग्रॉस वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. पण कॅम्पर भाड्यानं देऊन पैसे कमवायचा विचार डोक्यात असंल तर तो वेगळा धंदा आणि वेगळे कागद, २०२१ मधे राज्यानं कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पर्यटन खात्यात जाऊन ते वाचा.

प्र. दादा, आमच्या ह्यांना पत्र्याच्या भिंती आणि एसी पाहिजे, म्हणतात मे महिन्यात कापडात भाजून निघू. मला कापडाचंच बरं वाटतंय पण पावसाचं, धुळीचं, डासांचं काय? आणि परभणीची थंडी तुम्हाला माहीतच असंल.
– एक ताई, परभणी

उ. ताई, ह्या भांडणात मी तुमच्या बाजूनं. एसीचं गणित बघा, एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो, शंभर अँपिअरच्या लिथियम बॅटरीत सगळी मिळून साधारण १,२८० वॅट-तास वीज मावते, म्हणजे तास-सव्वा तासात खेळ खलास आणि रात्र अजून सगळी बाकी. जनरेटर घेतला तर वजन, आवाज आणि शेजारच्यांच्या शिव्या. तेच २५-३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा रात्रभर आठ तास चालवला तरी २४० वॅट-तासाच्या पुढं जात नाही, म्हणजे तीच बॅटरी तीन-चार रात्री पुरते. साहेबांना हा हिशोब जेवणाच्या वेळी दाखवा.

आपला मे ४२-४३ डिग्रीचा आणि कोरडा. दिवसा पत्रा असो का कापड, आत कुणी बसत नाही, लिंबाखाली बाहेरच बसतो. खरा फरक रात्री पडतो, पत्र्याची बंद खोली तापलेली राहते आणि कापडाच्या भिंतीची चारही बाजूंची जाळी उघडली की हवा फिरते. छत मात्र पांढरं ठेवा आणि त्याला आतून फोमचा थर द्या, सगळी आग वरून येते. डास जाळीनं अडतात पण जाळी बारीक घ्या, धरणाकाठी चिलटं येतात ती मोठ्या जाळीतून सरळ आत.

थंडीत उलटं. परभणीत पारा एक आकडी येतो तेव्हा कापड तोकडं पडतं हे खरंय, पण त्यासाठी आतून बटणानं लागणारं गोधडीसारखं अस्तर शिवून घ्या, आपल्याकडं गोधड्या शिवणाऱ्या आज्या आहेत तोवर चिंता नाही. फक्त दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, माणसांच्या श्वासाचं पाणी छताला धरतं आणि पहाटे तोंडावर टपकतं. आणि ऊब म्हणून आत शेगडी, कोळसा, काहीही पेटवून झोपायचं नाही, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक बाहेर, सिलिंडर आत ठेवायचाच असंल तर खाली जमिनीलगत जाळीचं भोक पाहिजे कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, वरची खिडकी उघडी ठेवून उपयोग नाही.

कापड कोणतं, तर बाजारातली निळी-पिवळी ताडपत्री नको, ती फडफड वाजते आणि दोन उन्हाळ्यांत चिंध्या होतात. कोटिंगचं पॉलिएस्टर कॅनव्हास घ्या, शिलाईवर सीम टेप (शिवणीतून पाणी शिरू न देणारी पट्टी). पावसात ओलं छत खाली दाबून घरी आलात तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवायचं, एवढा एक नियम पाळला तर बुरशी लागत नाही, नाही पाळला तर काळे ठिपके कायमचे. चेनला मधूनमधून मेण चोळा, आपल्या धुळीत चेन आधी मरते, कापड नंतर.

धुळीचं एक गंमतीचं आहे. काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर गाडी पळते तेव्हा मागं हवेची पोकळी होते आणि धूळ मागच्या फाळक्याच्या फटीतून आत ओढली जाते, लोक मात्र पुढच्या फटी बुजवत बसतात. फाळक्याला कारच्या दाराचं रबर बीडिंग लावा आणि छताच्या पुढच्या अंगाला एक छोटी फिल्टरची खिडकी ठेवा, चालताना ती उघडी ठेवली की आत हवेचा दाब राहतो आणि धूळ मागून शिरत नाही.

थोडक्यात उत्तरं

"बोलेरो कॅम्पर घेतली की कॅम्पर आलाच ना त्यात?" (वसमत) – नाही दादा, ती डबल कॅब पिकअप आहे, नावापुरतीच कॅम्पर. पण एक टन माल वाहणारी आहे त्यामुळं कॅम्पर बसवायला ही चांगली गाडी, तिच्यावर सामानाला हात मोकळा राहतो.

"छत उचलायला गॅसचे रॉड लावले, पहिल्यांदा मस्त उघडायचं, आता सोलर बसवल्यापासून डोक्यावर येतंय." (उदगीर) – येणारच. काचेचं शंभर वॅटचं एक पॅनल ७-८ किलोचं, दोन लावले तर छत १५ किलोनं वाढलं. रॉडवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, १० न्यूटन म्हणजे मोटामोटी १ किलो, त्या हिशोबानं जास्त ताकदीचे घ्या, पण अति पण नको, नाहीतर छत बंद करायला शेजारी बोलवावे लागतील. आणि रॉडच्या भरवशावर आत झोपायचं नाही, छत उघडल्यावर दोन्ही बाजूंना लोखंडी टेका लागलाच पाहिजे.

"समृद्धीवर नेली तर चालंल का?" (वैजापूर) – चालंल, पण तुमची गाडी आरसीवर मालगाडी असंल तर एक्सप्रेसवेवर ८० च्या वर जायचं नाही, कारचा १२० चा वेग बघून हुरळू नका. सलग सपाट सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात टायर तापतात, निघायच्या आधी थंड टायरमधे हवा भरलेल्या वजनाच्या हिशोबानं टाका आणि दर दीड-दोन तासानं थांबून टर्नबकल हातानं आवळून बघा, पहिल्या शंभर किलोमीटरमधे ते हमखास ढिले पडतात.

"मुक्काम कुठं करावा? गौताळ्यात किंवा नाथसागराच्या काठी लावली तर?" (कन्नड) – गौताळा अभयारण्य आहे आणि नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य, तिथं मनानं रात्री थांबायचं नाही, वनखात्याला विचारा. देवस्थानाच्या भक्तनिवासाच्या पार्किंगमधे, ओळखीच्या ढाब्यावर मालकाला सांगून, किंवा कुणाच्या वावरात आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) परवानगी घेऊन थांबा, पाणी पण मिळतं आणि राखण पण. पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात सपाट जागा दिसली म्हणून गाडी लावू नका, पाऊस तिकडं डोंगरात पडतो आणि पाणी इकडं येतं. कन्नडचा घाट उतरायचा असंल तर दिवसा उतरा आणि छत आवळलेलं आहे का ते वरच थांबून बघा.